हूं की चूं नाही

पाडव्याच्या सकाळी फराळाचं बोलावणं करायला एका आजींचा फोन आला. यंदा चकल्या कशा कडक झाल्या ते सांगून झालं आणि जाता जाता त्या म्हणाल्या, "आमची बर्फी अगदी गुणी झालीये बरं का. पहिल्या आंघोळीला नातवानं हट्टच धरला, तिलाही घालायची म्हणून. घातली मग. कोमट पाणीच होतं. टॉवेलनं पुसलं, मांडीवर उताणी धरली आणि चांगली विंचरली. हूं की चूं केलं नाही बाईनं. कालपासून तर कोपऱ्यात एकदम शांत बसून आहे." बर्फी म्हणजे त्यांच्याकडची दोन वर्षांची, लांब केसांची पांढरी ससुली. लेंड्यांचं विचारलं, तर आजी कौतुकानं म्हणाल्या, "छे हो, जागा लख्ख आहे. काल रात्रीपासून एक लेंडी नाही." गुणी, शांत, लख्ख. शाळेतून पोराबद्दल असे तीन शब्द आले तर आई सुखावेल. सशाच्या बाबतीत मात्र हे तिन्ही शब्द एकच गोष्ट सांगतात, आणि ती वाईट असते.

बोलावणं फराळाचं होतं, पण आजींना सांगावं लागलं की आधी तिला दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता.

भित्र्या माणसाला आपण सशाच्या काळजाचा म्हणतो. पाठीवर पान पडलं, तर आभाळ पडलं म्हणून ओरडत सुटलेल्या सशाची गोष्ट ऐकली नाही असं मराठी घरातलं पोर विरळाच. त्या गोष्टीतला ससा पळतो, कारण त्याला पळायला अख्खं रान आहे. मांडीवर, बाथरूमच्या फरशीवर, दोन्ही हातांच्या पकडीत पळायला जागा नसते, तेव्हा ससा गोठतो. त्याला उताणं केलं की तो डोळे उघडे ठेवून निपचित पडतो, पाय सैल सोडतो. बघणाऱ्याला वाटतं, किती लाड करून घेतोय. तो आराम नव्हे. शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर मेल्यागत पडून राहायचं, पकड जरा ढिली झाली तर निसटायचं, असा तो अगदी शेवटचा उपाय आहे. त्या निपचितपणात छाती धडधडत असते, श्वास वाढलेला असतो आणि रक्तात भीतीची रसायनं उसळलेली असतात. व्हिडिओत अशा उताण्या, 'गाढ झोपलेल्या' सशांना लोक हजारोंनी बदाम देतात, तेव्हा जीव खरंच तुटतो. शिवाय कळपात जो आजारी दिसला तो आधी खाल्ला गेला, अशा कुळातून हा प्राणी आलेला. दुखणं लपवणं त्याच्या हाडात मुरलेलं आहे. कुत्रं विव्हळतं, मांजर गुरगुरतं. ससा फक्त शांत होतो.

मराठीत शब्द एकच असल्यानं आणखी एक घोळ होतो. माळरानावर, ज्वारीच्या शेतात दिसतो तो लांब तंगड्यांचा ससा वेगळा. तो बीळ खणत नाही, झुडपाच्या आडोशाला उघड्यावरच बसतो आणि त्याची सगळी भिस्त पायांवर असते. त्याची पिल्लं अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. घरात पाळतात तो ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडच्या बीळवाल्या सशांचा वंशज. पिल्लं उघडीबोडकी, डोळे मिटलेली, बिळाच्या काळोखात जन्मणारी. त्याच्या भीतीवर औषध एकच, बीळ. आणि टू बीएचके फ्लॅटमध्ये बीळ नसतं. म्हणून भित्र्या सशाच्या घरात औषधाच्या पेटीआधी पुठ्ठ्याचं खोकं लागतं. आत वळता येईल एवढं मोठं आणि दोन दारांचं. एकच दार असलेलं बीळ म्हणजे सापळा, हे सशाला उपजत कळतं आणि अशा खोक्यात जायला तो कचरतो. तो आत असताना हात घालायचा नाही, ओढून काढायचं नाही, पोरांनी वाकून डोकावायचंसुद्धा नाही. फरशीवर सतरंजी किंवा गोणपाट हवा. सशाच्या तळव्यांना मांजरासारख्या गाद्या नसतात, नुसते केस असतात. गुळगुळीत टाइल्सवर पाय घसरणारा ससा दिवसभर धास्तावलेलाच राहतो. तारेच्या तळाच्या पिंजऱ्यात तर टाचा सोलवटून जखमा होतात.

या भीतीचा हिशोब शेवटी पोटात येऊन मिळतो.

सशाच्या पोटाला सुट्टी माहीत नाही. गवत आत येत राहायचं आणि आधीचं पुढे सरकत राहायचं. आतड्यात एक सुंदर निवड चालते. गवताचे लांब, जाड धागे मोठ्या आतड्यातून झपाट्यानं पुढे जातात आणि त्यांच्या कोरड्या गोल लेंड्या होतात. बारीक कण आणि पाणी उलट दिशेनं ढकललं जाऊन अंधांत्र नावाच्या मोठ्या पिशवीत जातं. तिथे जिवाणू ते आंबवतात. त्यातून दिवसातून एकदोनदा मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या बारक्या घडासारखे गोळे बनतात आणि ससा ते थेट बुडाशी तोंड नेऊन खातो. त्यात प्रथिनं आणि ब गटाची जीवनसत्त्वं असतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला किळस येते, किंवा हा घड जमिनीवर पडलेला दिसला की जुलाब लागले असं वाटतं. खरे पातळ जुलाब मोठ्या सशाला क्वचित होतात आणि झाले तर तासांचा खेळ असतो. बाजारात चार आठवड्यांची, आईचं दूध नुकतंच तुटलेली पिल्लं विकतात, त्यांतली कित्येक अशा जुलाबांनी आठवड्याभरात जातात. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊच नये. ते मऊ घड मात्र रोज तसेच पडून राहत असतील, बुडाला चिकटत असतील, तर आधी पेलेट्स, म्हणजे सशाच्या तयार खाद्याच्या दाबून केलेल्या गोळ्या, आणि फळं कमी करायची. ससा जाड होऊन त्याचं तोंड तिथवर पोचत नाही असंही होतं.

निरोगी ससा दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो. त्या रोज पाहाव्यात. काबुली चण्याच्या आसपास, सगळ्या साधारण एका मापाच्या, पिवळसर तपकिरी. बोटांत चिरडली की आत कोरड्या गवताचा भुसा दिसतो आणि वासही गवताचाच येतो. मिरीएवढ्या, काळपट, टणक झाल्या तर पाणी कमी पडतंय किंवा आतडं मंदावतंय. एकीला दुसरी केसानं जोडून जपमाळ झाली, तर केस फार पोटात जाताहेत, पण निदान बाहेर तरी येताहेत. लेंड्यांवर शेंबडासारखा चिकट थर आला की डॉक्टर. आणि दहा-बारा तास खाणं नाही, लेंडी नाही, असं झालं की 'उद्या सकाळी बघू' म्हणायला जागा उरत नाही.

केसांचं आणि पोटाचं नातं लोकांना उलटं माहीत असतं. ससा स्वतःला चाटतो, जोडीदाराला चाटतो, केस गिळतो, हे रोजचंच. मांजराला उलटी होते. सशाला उलटी करताच येत नाही, त्यामुळे आत गेलं ते खालूनच निघायला हवं. पूर्वी समज होता की केसांचा गोळा अडकतो आणि म्हणून पोट थांबतं. बहुतेक वेळा घडतं ते याच्या उलट. भीतीनं, दुखण्यानं, दाताच्या टोकानं जीभ सोलवटल्यानं, किंवा चारा कमी पडल्यानं आतडं आधी मंदावतं. जठरातलं पाणी शोषलं जातं, केस आणि अन्न घट्ट होऊन लगदा वाळतो. सशाला पोट भरल्यासारखं वाटतं, तो खाणं सोडतो, धागे येणं थांबतं, आतडं आणखी ढेपाळतं. जिवाणूंचा तोल जातो, वायू धरतो, पोट दुखतं, आणि त्या दुखण्यानं भीती पुन्हा वाढते. फटाक्याची लड, विसर्जनाचा डीजे, घरात आलेलं नवं कुत्रं, जबरदस्तीची आंघोळ, यांतलं काहीही हे चक्र सुरू करायला पुरतं. अननसाचा रस केस विरघळवतो हाही असाच एक गैरसमज. केस अननसानं विरघळत नाहीत आणि रसातली साखर बिघडलेल्या पोटातल्या नको त्या जिवाणूंचं भरणपोषण करते.

म्हणजे विंचरायचं कशासाठी, तर केस पोटात कमी जावेत म्हणून. आणि ते विंचरणंच जर सशाच्या जिवावर बेतत असेल, तर केस वाचवून पोट घालवल्यासारखं झालं. घाबरून गोठलेल्या सशाच्या अंगावरून फिरलेली फणी त्या दिवशी केसांपेक्षा जास्त नुकसान करते. ज्यांच्या हातून हे झालं ते सगळे मायेनंच करत होते, म्हणून सांगतानाही वाईट वाटतं.

विंचरण्याची जागा जमीन. मांडी नाही, टेबल नाही, कारण उचललं की सशाला घार आठवते. आपण खाली बसायचं, सतरंजीवर, त्याच्या शेजारी, तोंड दुसरीकडे करून. सशाला जवळपास चहूकडचं दिसतं, फक्त नाकाच्या अगदी पुढ्यातलं आणि हनुवटीखालचं दिसत नाही. समोरून नाकाखाली हात नेला की तो दचकतोच. हात बाजूनं, दिसेल असा आणायचा आणि कपाळावर ठेवायचा. दोन डोळ्यांमधला तो भाग आणि गालफडं, इथे जोडीदार ससा चाटतो, तिथलाच स्पर्श त्याला ओळखीचा. कान मागे सैल पडले, जबडा हलका कुरकुरला म्हणजे बरं वाटतंय. त्या मऊ, जेमतेम ऐकू येणाऱ्या कुरकुरीत आणि दुखण्यानं करकरा दात खाण्यात फरक असतो. एकदा दोन्ही ऐकले की चुकत नाही. पहिले चार दिवस फणी नुसती जवळ ठेवायची, हुंगू द्यायची. मग तळवे पाण्यानं जेमतेम ओलसर करून मानेपासून शेपटीकडे दोनचार वेळा फिरवायचे. गळतीच्या दिवसांत एवढ्यानंच मूठभर सुटे केस निघतात. मग रबरी ब्रश, आणि शेवटी बारीक दातांची, उवांसाठी वापरतात तसली फणी, केसांच्या दिशेनं, अगदी हलक्या हातानं. तारांचा कुत्र्यांचा ब्रश नको, त्वचेवर ओरखडे येतात. सुरुवातीला दोन मिनिटं पुष्कळ झाली. तो उठायच्या आधी आपण थांबायचं आणि कोथिंबिरीची एक काडी द्यायची. एरवी आठवड्यातून दोनदा, गळतीत रोज, लांब केसांच्या सशाला बारा महिने रोज. पोट आणि मांड्यांच्या आतली बाजू त्याचा विश्वास बसल्यावर, कधी कधी महिन्यानं. पार्श्वभागावर कापसासारखे सुटे झुबके दिसतात ते चिमटीनं अलगद उचलले की येतात.

गुंता झाला तर कात्री अजिबात नाही. सशाची कातडी कागदासारखी पातळ असते, गुंत्याबरोबर वर उचलली जाते आणि कात्रीत सापडते. गुंत्यावर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळायचं, मुळाशी कातडी बोटांत दाबून धरायची म्हणजे ओढ बसत नाही, आणि टोकाकडून थोडं थोडं सोडवायचं. एका बैठकीत एकच गुंता. घट्ट चटई झाली असेल तर डॉक्टरांकडे मशीननं. लांब केसांचा ससा घरात सांभाळायचा असेल तर उन्हाळ्याआधी केस इंच-दीड इंचावर आणून ठेवावेत. आपल्याकडचा तिशीपलीकडचा पारा त्या लोकरीत त्याला सोसत नाही. नखं चार ते सहा आठवड्यांनी, आतली गुलाबी शीर सोडून दोन-तीन मिलिमीटर पुढे. नखं काळी असतील तर मागून टॉर्च धरायचा. अठरा नखं एका दिवसात झालीच पाहिजेत असं काही नाही, आज पुढचा एक पाय, परवा दुसरा. रक्त आलं तर तेच कॉर्नफ्लोअर दाबून धरायचं.

आंघोळ मात्र नाहीच. भिजलेली लोकर तासन्‌तास वाळत नाही, अंग गार पडतं, आणि ओल्या हातातून सुटायला मागचे पाय झटकले तर कंबरेचा मणका मोडू शकतो. सशाचा सांगाडा त्याच्या वजनाच्या मानानं फार हलका आणि मांड्यांचे स्नायू फार ताकदीचे, त्याची झटक त्यालाच मोडते. बूड घाण झालं असेल तर तेवढाच भाग कोमट पाण्याच्या कापसानं पुसून, लगेच कोरडा करायचा. पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ शेपटीखाली बघणं सोडू नये. ओल्या, घाण केसांत माश्या अंडी घालतात आणि चोवीस तासांत अळ्या मांसापर्यंत पोचतात. आणि पिसवा झाल्या म्हणून कुत्र्याचं फिप्रोनिल असलेलं औषध मानेवर टाकायचं नाही. कुत्र्याला चालणारं ते सशाला फेफरं आणून मारू शकतं.

खाण्याचं तसं साधं आहे, पण सगळं त्यावर उभं आहे. पाच भागांतले चार भाग गवत. आयात केलेलं टिमोथी परवडत नसेल तर ओट्सचं वाळलेलं गवत, किंवा आपली हराळी. गणपतीला जिच्या एकवीसच्या जुड्या बांधतो तीच दूर्वा सशाला ताजी आणि वाळवलेली दोन्ही चालते. फक्त औषध न मारलेली, आणि ताजी असेल तर निथळलेली, ढिगात तापलेली नको. लसूणघास वाढत्या पिल्लांना ठीक, सहा महिन्यांनंतर त्यातलं कॅल्शियम जास्त होतं. कोथिंबीर, मुळ्याचा पाला, थोडी मेथी रोज. पेलेट्स सशाच्या वजनाच्या किलोमागे एक मोठा चमचा. गाजर म्हणजे गोड खाऊ, एक चकती पुरे. पोळी, भात, बिस्किट, फुटाणे, आज्यांच्या हातून मायेनं जे जे जातं ते सगळं बंद. पाणी बाटलीच्या नळीपेक्षा जड वाडग्यात जास्त प्यायलं जातं. सणाच्या संध्याकाळी खिडक्या लावून, पंखा चालू ठेवून, खोक्यावर चादर टाकून, गवताचा ढीग आणि ओली कोथिंबीर जवळ ठेवायची. त्या दिवशी फणी कपाटात.

तरी पोट थांबलंच, तर पहिली परीक्षा हातानं. पोट नेहमीसारखं मऊ किंवा कणकेच्या गोळ्यासारखं लागतंय, की नगाऱ्यासारखं ताणलंय? नगारा झाला असेल तर आत काहीतरी अडकलेलं असू शकतं. तेव्हा तोंडानं काहीच द्यायचं नाही, चोळायचं नाही, गाडी काढायची. कान गार लागले तर टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची पिशवी एका बाजूला ठेवायची, नको झाली तर सरकता येईल अशी. बाळाच्या बेंबीला लावतो तसा हिंग लावण्याचा मोह होतो, पण ते तो चाटणार आणि आणखी बेजार होणार. डॉक्टर कातडीखाली सलाइन देतात, वेदनाशामक देतात, अडकलेलं नाही याची खात्री झाली की आतडं चालवणारं औषध. यांत वेदनाशामक सगळ्यात मोलाचं, कारण दुखायचं थांबल्याशिवाय भीती थांबत नाही. आपल्याकडे बहुतेक दवाखाने कुत्र्या-मांजरांचे, तेव्हा एक गोष्ट घरच्यांनीच पाठ करून ठेवावी: अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन यांतलं काहीही सशाला तोंडानं द्यायचं नाही. त्यानं पोटातले चांगले जिवाणू मरतात आणि विषारी माजतात. नम्रपणे, पण विचारायचंच.

घरी आल्यावर भरवणं. पेलेट्स पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात भिजवून मिक्सरमधून पातळ सरबरीत करायचे. सुई नसलेल्या सिरिंजचं टोक कापून, घासून गुळगुळीत करायचं. दर वेळी किलोमागे दहा मिली, दर चार तासांनी, पण घोट अर्ध्या-एक मिलीचा. सिरिंज समोरून नाही, ओठाच्या कडेनं, पुढच्या दातांमागे मोकळी जागा असते तिथे. मान वर करायची नाही, अन्न श्वासनळीत जातं. आधी ओठाला लावून बघायचं, काही ससे चाटून घेतात. नाही घेतलं तर टॉवेलात सैल गुंडाळून, जमिनीवरच. एक घोट, चघळणं पूर्ण, मग दुसरा.

बर्फीचं अंग दवाखान्यात पोचेपर्यंत गार पडलं होतं. पोट मऊ होतं, हे नशीब. सलाइन, वेदनेचं इंजेक्शन, पाठीशी ऊब. नातवाला घरी कोणी रागावलं नाही, त्याची चूक नव्हतीच. त्या रात्री चार-चार तासांनी गजर लावून आजी उठल्या. फराळाच्या डब्यांच्या रिकाम्या खोक्याला दोन्ही बाजूंनी दारं कापली ती नातवानं.

भाऊबीजेला दुपारी पुन्हा फोन आला. "अहो, जागा घाण केलीये बर्फीनं!" आजींचा आवाज चढलेला होता. "आधी तीनच, मिरीएवढ्या, पांढऱ्या केसांनी एकमेकींना लटकलेल्या. मग जरा मोठ्या. आणि मघाशी सिरिंज घेऊन गेले, तर दाणकन पाय आपटून पळाली खोक्यात." मागे नातू फरशीवर पालथा पडून मोजत होता. खोक्यात हात घालू नकोस, असं त्याला कोणी तरी सांगितलं. "नाहीच घालत," तो म्हणाला, "अकरा झाल्या."